लाल रेघ

(नरडाणा. झुलाल आबांचा ओटा. शाळेचे नीलेश सर मोबाईल पुढे धरून बसलेत.)

आबा : बंद कर ते.

नीलेश : अर्धं गाणं बाकी आहे, आबा. चाल तुमचीच आहे.

आबा : माझी नाही. तिसऱ्या ओळीत दिपमालाला काय झालं?

नीलेश : काही नाही. तिने घरून रेकॉर्ड करून पाठवलं. एक सूर खाली होता, तो ॲपने वर नेला.

आबा : खाली होता, हे कोणी सांगितलं?

नीलेश : लाल रेघ येते ना तिथे.

आबा : रेघ. मग कान कशाला ठेवलेस, चष्मा अडकवायला? तो सूर खालचाच आहे. माझी आई श्रावणात कानबाई देवीपुढे गायची, तेव्हा असाच लावायची. पेटीत तो सापडत नाही, म्हणून पेटी बाजूला ठेवून शिकवला मी. करोनात शाळा बंद, तीन महिने गच्चीवर रेंज शोधत फोनवर शिकवलं. माझा आवाज तुटायचा, पोरगी तुटलेलंच गायची. पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी लागला तिला. तिची आई, यशोदाबाई, मागे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. फोनमध्ये कळलं मला.

नीलेश : ती थापथपही काढली मी. कचरा येत होता आवाजात.

आबा : कचरा. बठ्ठं सरळ करी टाकं तू, सगळंच. किळस येते रे. उष्टं पुसून वाढल्यासारखं वाटतं.

नीलेश : स्पर्धेला पाचपर्यंत पाठवायचंय. सगळ्या शाळा असंच करतात.

आबा : मूळचं पाठव.

नीलेश : मोबाईल भरला होता. पुसलं.

आबा : तिला फोन लाव. आत्ता गाऊ दे.

नीलेश : घ्या. उचलला तिने.

आबा : दिपमाला, तिसरी ओळ म्हण बेटा. घाई नको.

दिपमाला : म्हटली, आबा. आली का ऐकू?

आबा : आली.

दिपमाला : आता बरोबर येते ना? सरांनी पाठवलेलं दोन दिवस ऐकतेय. आधी तिथे माझं चुकायचं, अन् तुम्ही उगाच छान म्हणायचे.

नीलेश : बघा आबा, तिलाही पटलं.

आबा : तू गप्प बस. दिपमाला, आई कुठे आहे?

दिपमाला : इथेच. भाकरी करतेय.

आबा : तू गात होतीस, तेव्हा हात थांबला का तिचा?

दिपमाला : नाही, आबा. का बरं?