गार खोलीतले बिबडे

आता ऊन बघा, मे महिन्याचं, सकाळी आठलाच गच्ची अशी तापली की मांजर पाय उचलून उचलून चालत होतं, वारा नाही, ढग नाही, म्हणजे बिबड्यांना, आपल्या ज्वारीच्या पापडांना, याहून चांगला दिवस वर्षात मिळायचा नाही, आणि अशा दिवशी आम्ही नवरा-बायको कुठे, तर सुरतेत, पर्वत पाटियाला एका इमारतीच्या एसीवाल्या तळघरात कुडकुडत... तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघरात थंडी वाजते हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

फॉर्म भरला आमच्या सुनेने, सोनालीने. नवीन धंदेवाल्यांसाठी सगळ्यांचं मिळून एक किचन आहे म्हणे. सासूला म्हणाली, आई, तुमचे बिबडे मॉलमध्ये जातील. आमच्या प्रमिलेने चाळीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाही, मला लूमवर डबा पोचवला, लेकरं वाढवली, पण मॉलचं नाव निघालं अन् तिचा चेहरा असा झाला की मी म्हटलं, बरं.

तिथे किचन सांभाळायला अमित सर. नातवाच्या वयाचा, पण सर. ‘काका, टोपी पहेरो, केस पडतात.’ मला टक्कल. ‘रूल छे, काका.’ मी म्हटलं, बरं. मग हिला विचारतो, मीठ किती ग्रॅम? ही म्हणाली, मूठभर. तर त्याने हिची मूठच काट्यावर ठेवून घेतली, हातासकट...

तीन दिवस भिजवलेली ज्वारी, दळून, तीळ-लसूण घालून हिने पीठ शिजवलं अन् विचारलं, गच्ची कुठंय? ‘गच्ची? मौसी, हायजीन नहीं रहेगा, मशीन में सुखाओ.’ मशीनमध्ये कोणाचे तरी आंब्याचे काप, संध्याकाळपर्यंत. सूर्य वर फुकट उभा आणि आम्ही खाली मशीनच्या रांगेत. ‘चार बजे कमिटी टेस्ट करेगी. पचास पीस सुखे हुए नहीं मिले, तो आपकी जगह दूसरे को.’ मग घरी वाळवू? ‘कहाँ सुखाया, वो मैंने नहीं देखा.’ मी म्हटलं, बरं. असल्या माणसांनी कधी बिबडा खाल्लाय, की नुसतं पाकिटावरचं वाचलंय?

ही म्हणाली, ‘चला घर.’ पातेलं मांडीवर घेऊन रिक्षाने लिंबायतला. दहाच्या आत गच्चीवर ओलं लुगडं अंथरलं, हिने भराभर थापले, पन्नासच्या पन्नास, आणि मला राखण बसवून खाली गेली, कमिटीपुढे जायचं म्हणून न्हाऊन नवी साडी नेसायला. ‘कावळा येऊ देऊ नका,’ म्हणाली.

कावळा नाही आला. शेजारच्या सरलाबाई आल्या. आता अर्धवट वाळलेला बिबडा, कडेला चिवट, मधे मऊ, त्याला आपल्या खानदेशात कोणी नाही म्हणालंय का? ‘काका, एक घेऊ?’ मी म्हटलं, बरं. मागून इंदुबाई, मागून छगनची बायको, तिची जाऊ, जावेच्या माहेरची माणसं... प्रत्येकजण एकच मागत होता हो, दोन मागितले असते तर मी नक्की नाही म्हटलं असतं.

ही नवी साडी नेसून वर आली, तोवर लुगड्यावर नुसते गोल गोल डाग. माझ्याकडे बघितलं, पदर खोचला अन् लुगडं गोळा करायला लागली. सरलाबाईंनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं चाटली आणि मला म्हणाल्या, ‘काका, हे असे ओलेच विका ना, वाळवायची कटकट कशाला?’