झाकन लावलं का वायफाय झोपते

माफ करा सर, लॅपटॉपवर चिकटवली त्या चिठ्ठीवर माह्यं शुद्धलेखन चुकलंच असंन, अन् बोलनं बी साधंच आहे — आठवीतून शाळा सुटली. चिठ्ठी ठेवा, तोंडीच सांगतो. तुमचा लॅपटॉप मेला नाई. झाकन लावलं का तो झोपते, उघडलं का उठते, पन आतलं वायफायचं कार्ड झोपूनच राह्यते — एवढंच. काय म्हनता? नवा राउटर घेतला? कायले सर? अन् तो देवमनभाऊ, केबलवाला, दोनदा खांबावर चढला म्हने, अन् तुमच्या शिव्या खाऊन उतरला. त्याचा काहीच कसूर नव्हता.

म्या आधी ड्रायव्हर बदलला — म्हंजे त्या कार्डाले चालवनारा प्रोग्राम. झाकन लावलं, चहा पिलो, उघडलं — वायफाय गायब. मंग कार्डाच्या सेटिंगमंधी घुसलो, तं तिथं एक टिक सापडली — बॅटरी वाचवाले कार्ड बंद कराची. काढून टाकली. अकरा वेळा झाकन लावलं, अकरा वेळा उघडलं — दर वेळी जागं.

पैसे राहू द्या सर. मले... शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. दहावीचा सतरा नंबर फॉर्म भरून राह्यलो, बाहेरून. शनिवार शेवटचा दिवस — दाखल्याबिगर घेत नाईत, अन् सही लागते हेडमास्तरची, म्हंजे तुमचीच. खरं सांगू? लॅपटॉप पहिल्याच दिवशी सुदरला होता. तीन दिवस ठेवून घेतला — तुमाले इचाराव कसं, हेच ठरत नव्हतं.

मी पवन, मेडशीचा. शेवटचा बेंच. नाई आठवत? बरं. पहाटं चारले उठून मेथीच्या, सांबाराच्या जुड्या बांधायचो, बापासंगं बाजारात हर्रासीत, लिलावात, टाकायचो, मंग तुमच्या भूगोलाच्या तासाले — तुमी कोथिंबीर म्हनता, आमी सांबार, वास अंगाले राह्यतच होता — तं डोळा लागायचा. तुमी खडू मारून उठवायचे अन् लगेच इचारायचे, पैनगंगा कुठून निघते? आत्ताच उठलेल्याले कसं आठवंन सर? लॅपटॉपले तरी तुमी तीन दिवस दिले. पोट्टे हासायचे. एक दिवस तुमी म्हनलं, उद्या बापाले घेऊन ये, नाईतर येऊ नको. राग नाई सर. म्हंजे होता थोडासा. आता दुकान आहे, चहा पाजतो, राग कायले धरू — पन सही कराच.

काय? शाळा सोडल्याचं कारन लिहा लागते? दाखल्यात तसा रकाना आहे? तुमीच ठरवा. ‘घरगुती अडचन’ लिहा, मले चालंन. खरंच इचारत असान तं — बापाले शाळेत आनाची माह्यी हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीचं ओझं उतरवलं अन् त्याले सांगतलं, आजपासून शाळेले सुट्टी आहे. त्यानं किती दिवसाची इचारलं नाई. म्हने, बरं झालं, चाल, वांगे तोडू.