आत्याची अंगठी आणि दुसरं बटण

सगळ्यात आधी गडबड कळली ती माझ्या अंगठ्याला. मला नाही, अंगठ्याला. म्हणजे बघा, मी घाबरले की माझा अंगठा शेजारच्या बोटात जे काही असेल ते फिरवत बसतो, आणि मी कधी घाबरलेली नसते, सांगा? तर त्या संध्याकाळी लिफ्ट नेहमीसारखी हिसका देऊन मध्येच थांबली, मी नेहमीसारखी दचकले, अंगठा सवयीनं गेला अंगठी फिरवायला... आणि तिथे नुसतं बोट. गार, रिकामं बोट. तुम्हाला सांगते, लिफ्ट पुन्हा सुरू झाली, वर गेली, माझं काळीज खालीच राहिलं.

आता अंगठी माझी असती तर मी तुमच्यापुढे तोंड घेऊन उभी राहिले असते का? अंगठी आत्याची. मी राहते आत्याकडे, नोकरी नवी, विम्याच्या ऑफिसात, अजून माझ्या नावाचा कपसुद्धा नाही तिथे. आत्या गेली होती आठवडाभर मुलीकडे, ऑफिसचा होता क्रीडादिन, आणि मला वाटलं, हातात काहीतरी असावं, लोकांना वाटावं हिचं बरं चाललंय. विचारलं का आत्याला? नाही. फोन करता आला असता? आला असता की! पण ती नको म्हणाली असती, म्हणूनच विचारलं नाही, तेवढी अक्कल होती. कपाटातली डबी उघडली, अंगठी घातली. जरा सैलच, कारण आत्याचं बोट खात्यापित्या घरचं आणि माझं म्हणजे पेन्सिल. बाहेर पडताना दारात कामाच्या मावशी पायपुसणं झटकत होत्या. सख्ख्या नव्हेत हं, अख्ख्या इमारतीच्या मावशी, पण आत्याकडे अकरा वर्षं. म्हणाल्या, "मैदानावर चाललात ना ताई? हाताला जपा." मी म्हटलं, हो हो. मी सगळ्यांनाच हो हो म्हणते.

आणि मैदानावर मला काम काय दिलं? लांब उडीच्या खड्ड्याशी टेप धरायचं. साहेब धावत येणार, वाळूत धप्पकन बसणार, मी दचकणार, मग मोजणार, आणि मग वाळू सारखी करणार... हातानं, कारण फावडं आणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अख्ख्या ऑफिसनं बूड टेकलेली वाळू मी या दोन हातांनी सारखी केली. वर प्रत्येक उडीला चॉकलेट. खाल्लं की चंदेरी कागद कुठे? वाळूत. हे लक्षात ठेवा, हा कागद पुढे माझा जीव घेणार आहे.

आत्या परत आली ती दुसऱ्या दिवशी. बॅग ठेवली, कपाट उघडलं, डबी उघडली. "मी इथेच ठेवली होती. इथेच. मला काय भ्रम झालाय? यांनी पहिल्या पगारातून घेतलेली, ती मी कुठे भलतीकडे ठेवीन का?" मग पलंगावर बसली, आवाज खाली आला. "घरात येतं कोण? तू, मी आणि ती." आणि 'तू' म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढा विश्वास. तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं, तुमची शपथ, ओठ हललेसुद्धा. पण मी काहीच बोलले नाही.

मावशी आल्या. आत्यानं चोर बीर काही म्हटलं नाही, ती तशी नाही. ती म्हणाली, "उद्यापासून नाही आलात तरी चालेल." एवढंच. मावशींनी विचारलं, "का हो?" आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. मग मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. हात मी ओढणीत घातला, अगदी सहज, थंडी वाजल्यासारखा, आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांनी घराची किल्ली टेबलावर ठेवली. जाता जाता म्हणाल्या, "दूध तापवलंय ताई, निवलं की झाका." आणि मी? काहीच बोलले नाही. दूध मात्र झाकलं.

मग माझ्या डोक्यातून निघाली ती युक्ती. अंगठी त्या वाळूतच असणार, ती शोधायची, गुपचूप कपाटामागे टाकायची, आणि ओरडायचं, "आत्या, सापडली!" बघा, भलं करायचं तेसुद्धा चोरपावलांनी. त्यासाठी गेले यंत्रं भाड्यानं देणाऱ्या काकांकडे. त्यांच्या तोंडात कायम दोन स्क्रू, त्यामुळे बोलणं असं, "हं... धातू शोधायचं ना... हं... ही दोन बटणं. पहिलं, किती बारीक ऐकायचं. दुसरं, काय ऐकायचं नाही. दुसऱ्याला... हं... हात लावू नका." मी हो हो म्हटलं. ऐकलं का? मागे कोणीतरी पत्रा कापत होतं, माझं सगळं लक्ष पुढचा पत्रा कधी पडतोय तिकडे.

सकाळी ऑफिसआधी मैदानावर. पहिलं बटण पूर्ण फिरवलं, म्हटलं बारीकातलं बारीक ऐकू दे. टूँऽऽ! मी उडाले. काय सापडलं? माझे बूट. बुटांच्या नाडीच्या कड्या. बूट काढले, पुन्हा टूँ, तर खिशात फोन. फोन बाकावर ठेवला, मग ओली वाळूच वाजायला लागली. फेऱ्या मारणारे आजोबा थांबले. "बॉम्ब आहे का हो?" नाही आजोबा. "मग काय आहे?" काही नाही आजोबा. "काही नाही तर वाजतंय का?" आता यावर मी काय बोलणार? मैदानाचा माळी पाइप घेऊन आला, म्हणाला, "बाई, एवढ्या लवकर, अनवाणी... घरी सगळं ठीक आहे ना?"

पहिलं बटण कमी केलं, वाळू गप्प झाली. पण चॉकलेटचे कागद! टूँ, दचक, खण, कागद. टूँ, दचक, खण, कागद. अकराव्या कागदाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मी दुसरं बटण फिरवलं. थोडंसंच. आणि काय सांगू, कागद बंद! अजून थोडं फिरवलं, बाटलीची बुचं बंद. शेवटपर्यंत फिरवलं, आणि अशी शांतता, अशी शांतता की मला त्या यंत्राला मिठी मारावीशी वाटली. तीन दिवस रोज सकाळी मी त्या खड्ड्यावरून यंत्र फिरवलं, एकदासुद्धा दचकले नाही. ते काहीच बोललं नाही. माझंच यंत्र शोभत होतं.

चौथ्या दिवशी परत करायला गेले. काकांनी बटणाकडे पाहिलं, आणि तोंडातले स्क्रू काढले. दोन्ही. "हे कोणी फिरवलं?" मी म्हटलं, कागद फार वाजत होते. "वाजणारच. बारीक सोनं आणि चंदेरी कागद, या यंत्राला एकसारखेच ऐकू येतात. कागदाचं तोंड बंद केलंत की सोन्याचंही बंद. शंभर कागद खणाल तेव्हा एक अंगठी. त्रास नको असेल तर सोनंही नको म्हणा." आणि शांतपणे विचारलं, "या तीन दिवसांत त्यावरून किती वेळा गेलात?" मला मावशींची पाठ आठवली, दारातून बाहेर पडणारी. मी काहीच बोलले नाही. काकांनीच बटण शून्यावर आणलं, वर चिकटपट्टी लावली, यंत्र पुन्हा माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता दचका."

दचकले. कागद, कागद, बूच, कागद, कोणाची तरी चेनची कडी, कागद. माळी शेजारी डबा घेऊन उभा, कागद गोळा करत. "बाई, तुम्ही रोज या, मैदान स्वच्छ राहील." सत्तेचाळिसावा आवाज अगदी तसाच, कागदासारखाच बारका, फाटका. मी कंटाळून हात घातला... आणि बोटांना गोल लागलं.

जीव भांड्यात पडला म्हणता? छे. हातात अंगठी आणि डोक्यात कपाटामागची फट. घरी आले, आत्या स्वयंपाकघरात, कपाट समोर, एक हात लांबवायचा, की झालं. पण मग मावशींना काय सांगणार, अंगठी अकरा वर्षांनी चालायला शिकली? स्वयंपाकघरात गेले, वाळूसकट अंगठी ओट्यावर ठेवली, आणि सगळं एका दमात ओकले. डबी, पेन्सिल, साहेब, खड्डा, सगळं. आत्यानं गॅस बंद केला. अंगठीला हातसुद्धा लावला नाही. ओट्याला टेकून म्हणाली, "आणि मी त्यांना साधं विचारलंसुद्धा नाही." मग माझ्यापुढे फोन सरकवला. "तू लाव. मी कुठल्या तोंडानं बोलू?" म्हणजे माझ्याकडे जसं सुटं तोंड पडलंय.

लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. उचलत नाहीत. का उचलतील? तिसऱ्यांदा. आत्या मागे येऊन उभी. मी वाक्य पाठ करतेय, मावशी, चूक माझी, मावशी, अंगठी मीच, मावशी, तुम्ही परत... आणि चौथ्यांदा, नवव्या घंटेला, खट्कन.

मी दचकले, अर्थात.

"बोला ताई," मावशी म्हणाल्या. मागे कोणाच्या तरी घरची भांडी वाजत होती. मी तोंड उघडलं. त्या थांबल्या, मग मऊ आवाजात म्हणाल्या, "सापडली का? मी तेव्हाच म्हटलं होतं, हाताला जपा. सैल होती ती."

आत्या मागून विचारतेय, "काय म्हणतात गं?" मावशी पलीकडून विचारतायत, "ताई, आहात ना?" आणि मी, पाठ केलेली सगळी वाक्यं तोंडात धरून, दोघींच्या मधोमध उभी... काहीच बोलत नाहीये.