सहाही यंत्रांवर

…नाही, मी म्हणतो, निदान खाकरायचं तरी! माणूस कुणाच्या घरात शिरताना दाराशी घुटमळतो, चपला वाजवतो, 'आहे का कोणी?' म्हणतो… आणि हे यंत्र? दोनशे चौदा पानं, माझी दोनशे चौदा पानं, सकाळी सव्वादहाला सगळ्या नातेवाइकांच्या घरात नेऊन घातली आणि मला काय सांगितलं, तर 'पाठवले'! बस! आणि खाली बारीक अक्षरात 'सहाही यंत्रांवर'. तुम्हाला सांगतो, मी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. म्हटलं, सहाही म्हणजे? सहा कुठली? मला एक हवं होतं! आणि चूक कुणाची? माझी! चौतीस वर्षं, अहो चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी!

छापखान्यात मुद्रितशोधक होतो मी. पुस्तक छापायच्या आधी कच्ची पानं यायची, प्रुफं म्हणतात त्यांना, ती वाचायची आणि चुका शोधायच्या. काना गेला, मात्रा पडली, ओळ दोनदा आली, सगळं माझ्या टेबलावर अडायचं. निवृत्त झालो आणि म्हटलं, आता आपलं एक पुस्तक लिहू. आत्मचरित्र. कुणाला दाखवायचं नाही, निदान इतक्यात नाही, त्यामुळे लिहिलं ते अगदी खरं लिहिलं. नावंसुद्धा खरी! आमची पद्धतच तशी, पहिल्या प्रुफाला मजकूर बघायचा, नावंगावं दुसऱ्या प्रुफाला. दुसऱ्या प्रुफाला बदलणार होतो हो मी नावं! झाकली मूठ राहणार होती!

आता प्रूफ वाचायचं तर ते पुस्तकासारखं दिसायला नको? कॉम्प्युटरवर चुका दिसत नाहीत, लपून बसतात. म्हटलं, जावयाने वाढदिवसाला तो ई-रीडर दिलाय, त्याच्यात घालावं आणि वाचावं. जावई कॉम्प्युटरमधला. त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाबा, सोपंय. साइडलोड करा." म्हटलं, ते काय असतं? तर म्हणे, पुस्तक त्यांच्या दुकानातून विकत घेतलं की ते पुढच्या दाराने आत येतं, आणि आपलं आपण घातलं की बाजूच्या दाराने. बाजूच्या दाराने! तेव्हाच शहाण्या माणसाने उठून जायला हवं होतं. सरळ कामाला बाजूचं दार कशाला लागतं, तुम्हीच सांगा!

आधी केबल लावली. काही नाही. दुसरी लावली. काही नाही. तिसरी ड्रॉवरच्या तळातून काढली, झटकली, लावली… यंत्र म्हणतं 'चार्ज होत आहे'. अरे, तुला जेवायला नाही बोलावलं, काम सांगितलंय! जावयाला फोन. "बाबा, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. जाऊ द्या, त्यांच्या वेबसाइटच्या पानावरून पाठवा ना, आपल्या घरच्या खात्यातून." घरचं खातं त्यानेच उघडून दिलंय, सगळ्यांना मिळून एकच. एकाने घेतलेलं पुस्तक सगळ्यांना वाचता यावं म्हणून. काय प्रेमळ विचार!

पान उघडलं. फाइल घातली. तर समोर सहा ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीपुढे चौकोनात बरोबरची खूण. आता ऐका नीट. बरोबरची खूण म्हणजे काय? आमच्या धंद्यात बरोबरची खूण म्हणजे तपासलं, ठीक आहे, हात लावू नका. मी म्हटलं, वा! यंत्राने सगळं तपासून ठेवलंय! तुम्ही म्हणाल, बाबा, ओळी वाचल्या नाहीत का? वाचल्या! सहाच्या सहा वाचल्या! 'ताईंचा टॅब', 'व्याह्यांचा रीडर', सगळं शुद्ध, एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती! अहो, प्रुफं वाचताना अर्थ बघायचा नसतो, अर्थाच्या मागे गेलं की चूक निसटते, पहिल्या दिवशी शिकवतात हे! मी शुद्ध ओळी वाचल्या, मनातल्या मनात शाबासकी दिली आणि दाबलं 'पाठवा'. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या हो मी!

काय गेलं त्या सहा यंत्रांवर, ठाऊक आहे? ताई, माझी सख्खी मोठी बहीण, पत्त्यांत लबाडी करते, हे गेलं. मेहुण्याने, म्हणजे हिच्या धाकट्या भावाने, अकरा वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत दिली नाही, हे गेलं, सविस्तर गेलं. व्याही बोलायला लागले की समोरच्याला आपल्या आयुष्यात केलेली पापं आठवतात, हे गेलं. आणि जावयाबद्दल? 'पहिल्या भेटीत मुलगा मला हुशार वाटला. पण माझी दृष्टी तेव्हापासूनच अधू होती.' हे!

पहिलं काय केलं, तर माझ्या रीडरवरून ते पुस्तक पुसून टाकलं. तत्परतेने! म्हणजे आता जगात ते सगळ्यांकडे होतं, फक्त माझ्याकडे नव्हतं. मग जावयाला फोन. त्याचा आवाज अगदी शांत. "बोला बाबा. पान त्रेपन्नवर आहे मी." म्हटलं, "अरे, ते… ते पहिलं प्रूफ आहे." तर म्हणाला, "हो, कळलं. डोळ्यांचं कसं आहे आता?"

म्हटलं, बाबा रे, नंतर हवं ते बोल, आधी ते परत बोलाव. तर म्हणे, "दुकानातून आलेलं असतं तर खात्यातून परत घेता आलं असतं. हे बाजूच्या दाराने गेलंय, ज्याच्या हातात यंत्र आहे त्यानेच काढायचं." म्हटलं, आणि… आणि हिच्या टॅबवर? तुम्हाला खरं सांगतो, बाकी सगळ्यांचं एक वेळ चालेल, ताई दोन दिवस रुसेल, मेहुणा आणखी एक शिडी नेईल. पण हिच्याबरोबर मला राहायचंय! अडतीस वर्षं झाली संसाराला, आणि हिच्याविषयी मी काय काय लिहिलंय ते त्या क्षणी मला आठवेचना! एक ओळ आठवेना! जावई म्हणाला, "आईंच्या टॅबवर ती फाइल उघडणार नाही. त्याला वेगळं ॲप लागतं, ते दुकानात मिळत नाही, बाहेरून आणून घालावं लागतं. आई कशाला त्या भानगडीत पडतील?" हुश्श! जिवात जीव आला. खरंच, ही कशाला पडेल?

हिने आतून विचारलं, "कुठे निघालात?" म्हटलं, जरा ताईकडे. दोन गल्ल्या पलीकडे राहते ताई, धावतच गेलो. दार उघडं, ताई खिडकीपाशी चष्मा लावून, टॅब मांडीवर. मी म्हटलं, मेलो. तर मला बघून टाळी देते! "काय लिहिलंयस रे व्याह्यांबद्दल! अगदी माझ्या मनातलं! आणि तो शिडीवाला तर हुबेहूब!" मी म्हटलं, ताई, पुढचं वाचू नकोस, दे इकडे. तर म्हणते, "पुढचंही वाचलं. ती पत्त्यांत लबाडी करणारी बहीण कोण रे?" अहो, मला एकच बहीण आहे! नाव लिहिलंय तिचं! तर म्हणे, "नाव घातलंयस माझं, पण ती मी नाही हे कोणालाही कळेल."

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "भाऊजी, पुस्तक झकास! फक्त शिडी जरा जास्त झालीय. चार पानं शिडी? वाचक कंटाळतो." वाचक! मी म्हटलं, अरे, मग शिडी आणून दे, चारची तीन करतो! तो ठेवतोय तोवर व्याह्यांचा फोन. मी डोळे मिटून घेतले. व्याही संथ आवाजात म्हणाले, "पान एकशे बारा. खालून चौथी ओळ. एक शब्द दोनदा पडलाय." बस! पापंबिपं काही नाही! मी ताईच्या कोचावर बसलोच. पापांचा धक्का मी सोसला असता हो, पण शब्द दोनदा? माझ्या मजकुरात? चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि माझी चूक कुणी काढावी, तर व्याह्यांनी?

पण एक सांगतो, घरी येताना पाय हलके होते. म्हटलं, कोणी रागावलं नाही, हिच्या टॅबवर उघडत नाही, सुटलो! दार लोटलं. ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली, चष्मा नाकावर, पुढ्यात टॅब. म्हटलं, "काय बघतेस?" तर म्हणाली, "वाचतेय. तुमचं."

"अगं… ते उघडत नाही ना त्याच्यावर?"

"नव्हतं उघडत. ते म्हणालं ॲप नाही. ॲप आणायला गेले तर म्हणालं, अनोळखी ठिकाणाहून येतंय, परवानगी देणार का? मग सगळ्या सूचना नीट वाचल्या, एकेक ओळ, काय म्हणतायत ते समजून घेतलं आणि दिली परवानगी."

ही म्हणाली, "चांगलं लिहिलंय. मग मी म्हटलं, आपल्याबद्दल काय लिहिलंय बघावं. यात ना, वर शब्द घातला की तो कुठे कुठे आलाय ते सांगतं. माझं नाव घातलं." मी म्हटलं, "मग?" तर टॅब माझ्याकडे वळवला. शून्य. अहो, शून्य! ताईचं नाव आहे, व्याह्यांचं आहे, शिडी सत्तावीस वेळा आहे! "म्हटलं, नाव घेत नाहीत, सवय नाही. मग 'चहा' घातलं. तिथे सापडले मी. एकसष्ट वेळा. 'हिने चहा आणला.' 'हिने चहा ठेवला.' एकदा 'हिने चहा गार केला.'"

ओरडली असती तर बरं झालं असतं, तुम्हाला सांगतो. भांडली असती तर मला येतं भांडायला. ही नुसती पान उलटत होती. म्हणाली, "आणि हे एकशे बारा पान. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन. आठ महिने दिसत नव्हतं तुम्हाला. छापखान्यात सांगितलं नव्हतं आपण, नोकरी जाईल म्हणून. प्रुफं घरी आणायचात. वाचायचं कोण?"

मी म्हटलं, "तू."

"स्वल्पविरामासकट, अनुस्वारासकट मोठ्याने वाचायचे मी. माझी शाळा सुटली की घरी येऊन बसायचे. शिकवून घसा बसलेला असायचा. तुम्ही इथे काय लिहिलंय, वाचू? 'त्या आठ महिन्यांतही माझ्या हातून एकही चूक सुटली नाही.' कोणाच्या हातून?"

अहो, लिहिताना आलंच नाही हो मनात! खोटं लिहायचं नव्हतं मला, शपथेवर सांगतो! एकशे बारा पान मी स्वतः चार वेळा वाचलं होतं, चार वेळा बरोबरची खूण केली होती! मला रडूच आलं, लपवत नाही. म्हटलं, "चुकलो गं." ही म्हणाली, "हो." आणि खरंच चहा ठेवायला उठली, तर मी म्हटलं, बस, बस, मी ठेवतो! डबा कुठे आहे ते विचारावं लागलं, तो भाग वेगळा.

आता इथे संपायला हवं ना? नाही! दुसऱ्या दिवसापासून ही रोज दुपारी टेबलाशी. मला वाटलं पाढे, प्रश्नपत्रिका, जुन्या सवयीने काहीतरी शाळेचं. आठ दिवसांनी ताईचा फोन. म्हटलं, "बोल ताई." तर म्हणते, "तुझ्याकडे नाही, वहिनीला दे! काय लिहिलंय रे तिने!" मग मेहुणा. "आमच्या ताईला द्या भाऊजी." मग जावई, "आई आहेत?" आवाज जड त्याचा. मग व्याही! व्याही म्हणाले, "वहिनींना सांगा, दोनदा वाचलं." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला! व्याह्यांनी!

हिने स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि बाजूच्या दाराने सगळ्यांना पाठवलं. सहा ओळी आल्या, सहा खुणा, आणि हिने त्यातली एक काढली. माझी. म्हटलं, "अगं, सगळ्यांनी वाचलं, मला कधी?" तर म्हणाली, "तुम्हाला नाही. तुम्ही चुका काढत बसाल." म्हटलं, "शपथ घेतो! एकसुद्धा चूक काढणार नाही!"

तर ही अगदी मनापासून विचारते, "मग वाचणार कसं?"

सहा दिवस झाले. चहाचा डबा कुठे आहे ते आता विचारावं लागत नाही.