लोंबता दोरा

तुमच्या पोटाला कधी कुणी शिट्टी बांधून दिलीय का? नाही ना? मग हसू नका, आधी ऐका. मला दिलीय. पत्त्यांच्या जोडाएवढं एक यंत्र, त्यातून निघते एक नळी, ती नळी शिरते माझ्या पोटात, आणि तिच्यातून थेंब थेंब इन्सुलिन दिवसभर आत जात असतं. जाऊ दे, जायचं तर जा! पण एवढं करून ते गप्प बसेल तर शपथ. औषध संपत आलं, शिट्टी. बॅटरी उतरली, शिट्टी. मी कुशीवर वळले, नळी दुमडली, शिट्टी. सासूबाईंनी मला तीस वर्षांत टोकलं नसेल इतकं ह्याने तीस दिवसांत टोकलं. आणि मी? मी काही बोलले नाही. माझा स्वभावच नाही तो.

तुम्हाला सांगते, चौदाव्या वर्षापासून मला डायबेटिस आहे. लोक लाडाने म्हणतात, साखर झालीय. ज्याने हे नाव ठेवलं त्याला रोज चार सुया टोचा आणि मग विचारा किती गोड लागतं ते. पण मी टोचत होते हो, कुरकुर न करता टोचत होते. इंजेक्शनचं पेन पिशवीत, पिशवी खांद्यावर, जेवायच्या आधी टोचलं की झालं, पेन काही मागाहून हाक मारत नाही. सुखाचा संसार चालला होता आमचा.

मग त्या बाह्या झाल्या.

आता बाह्या कुठल्या? सांगते ना. मी कपड्यांच्या कारखान्यात कापायचं काम करते. शिवायचं नाही, कापायचं. शिवणारी चुकली तर उसवते आणि पुन्हा शिवते, कापणारी चुकली की चुकली. एकावर एक कापडाचे ऐंशी थर, वर कागदी नमुना, आणि हातात ते घरघरणारं पातं. तीस वर्षं त्या टेबलाशी उभी आहे मी, माझ्या हातून सुताचा फरक नाही. आणि एक दिवस जेवायला उशीर झाला, साखर घसरली, मला वाटलं मी अजून उभी आहे, पण मी उभी नव्हते... पातं मात्र चालू होतं. ऐंशी शर्टांच्या ऐंशी डाव्या बाह्या कोपरापर्यंत झाल्या.

मालक चांगले आहेत. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बाई, आज बाही गेली, उद्या बोट जाईल. डॉक्टरांचं पत्र आणा, तोवर टेबलाला हात लावायचा नाही."

आणि मला बसवलं कुठे? बटणांत! मागच्या खोलीत, खिडकीजवळ, तयार कपड्यांचे लोंबते दोरे कापायला आणि बटणं ओढून बघायला. आणि माझ्या टेबलावर कोण? काजवाली. कालपरवापर्यंत मशीनवर काजं करत होती, बटणांसाठी नखाएवढी भोकं पाडत होती, ती आता माझ्या जागी, माझ्या खडूने, माझ्या कापडावर रेघा ओढणार. वर मला म्हणते, "ताई, तुम्ही आराम करा, मी आहे ना." मी काही बोलले नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पत्र देते, पण आधी हा पंप महिनाभर लावा, बोट टोचून साखर बघितली की आकडा आपोआप त्यात जातो, सगळ्याची नोंद राहते, महिन्यात एकदाही साखर घसरली नाही असं दिसलं तर मी सही करते. आणि वर गोड हसून म्हणाल्या, "त्याच्याशी मैत्री करा." मैत्री! माझ्या मैत्रिणी काय पोटात सुई खुपसून बसतात? मी तिथेच ठरवलं, एक महिना, तीस दिवस, तिसाव्या दिवशी संध्याकाळी पत्र माझ्या हातात आणि यंत्र डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. जुनं पेन मी पिशवीतून काढलं सुद्धा नाही. त्याला सांगून ठेवलं, थांब रे, येतेच.

घरी आणलं तर काय विचारता. आमच्या ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं, बटणं दिसली की माणूस हरखतो. यंत्राचं पुस्तक दोनदा वाचलं. लग्नाआधी मी पाठवलेली पत्रं एकदाच वाचली होती, मी विचारलंय. आता ह्यांनी मला बरं वाटतंय का हे विचारायचंच सोडलं. मी म्हणते, अहो डोकं दुखतंय, तर हे माझ्या तोंडाकडे न बघता कमरेकडे बघतात आणि म्हणतात, "पण ह्यात तर सगळं ठीक दिसतंय." सासूबाईंना कमी ऐकू येतं. मी दार वाजवलं तर ऐकू येत नाही, जेवायला बोलावलं तर ऐकू येत नाही, पण ही शिट्टी? पलीकडच्या खोलीतून हाक येते, "अगं, तुझं पोर रडतंय बघ."

आणि जेवण! घास तोंडात घालायच्या आधी ह्याला सांगायचं, मी अमुक इतकं खाणार आहे. पाव किती, भात किती, केळं अख्खं की अर्धं. अहो, तीस वर्षं मी उभ्याउभ्या एखादं बिस्किट तोंडात टाकत आले, देवालासुद्धा कळू दिलं नाही, आणि आता त्याची वर्दी द्यायची एका डबीला? बरं, ती डबी ठेवायची कुठे? खिशात ठेवा म्हणतात. कुठल्या खिशात? बायकांच्या कपड्यांना खिसे असतात का? नसतात. का नसतात? मालक म्हणायचे कापड वाचवा, आणि मी वाचवलं... तीस वर्षं मीच ते कपडे बिनखिशाचे कापलेत हो. आता कुणाला बोलणार? मी काही बोलले नाही. आतून खिसे शिवत बसले.

असे मोजून एकोणतीस दिवस काढले. एकदाही साखर घसरली नाही. मी हे श्रेय त्याला देत नाही, माझ्या रागाला देते.

आता तिसावा दिवस. नीट ऐका. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं, पत्र घ्यायचं, यंत्र आपटायचं... ठेवायचं. सकाळी मी माझ्या खोलीत दोरे कापत बसलेय. आमच्याकडे दोऱ्यांचा एक नियम आहे, जे कापायचं नाही त्याला लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवायची. लाल गाठ दिसली की कात्री थांबते. बाकी जे लोंबेल ते कापायचं, बघायचं नाही, विचार करायचा नाही, बोटांना ते आपोआप कळतं. महिनाभर तेच करत होते ना मी.

खोलीचं दार उघडं, समोर माझं टेबल, आणि टेबलावर त्या दिवशी आली मखमल. हॉटेलच्या दरवानांचे कोट व्हायचे होते. मखमलीला लव असते, ती सगळी एकाच बाजूला जायला हवी, नाहीतर कोटाचा एक भाग काळा दिसतो आणि दुसरा राखाडी. आणि काजवाली काय करतेय? तागा घेऊन जाते इकडून तिकडे, येते तिकडून इकडे, थर घालतेय पलंगपोस घालावा तसे, एक लव वर, एक लव खाली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मांडीवर शर्ट, हातात छोटी कात्री, डोळे तिकडे, आणि मी मनात म्हणतेय, अगं ए, अगं थांब, अगं उलटी... आणि बोटांना एप्रनखाली एक दोरा लागला. लोंबता. नायलॉनचा असावा तसा.

कच्च.

मला कळलंसुद्धा नाही. आणि आता मला सांगा, जे यंत्र मी कूस बदलली तर बोंबलतं, त्याची नळी मधोमध कापली गेल्यावर त्याने काय करावं? काय करावं त्याने? काही नाही! गप्प. त्याला वाटलं सगळं छान चाललंय. ते आपलं पंप करतंय, थेंब थेंब माझ्या एप्रनमध्ये. दुपारी मी इमानदारीने त्याला सांगितलं, दोन पाव, एक केळं. त्याने सगळं औषध मापून दिलं एप्रनला. मी काही बोलले नाही. पहिल्यांदाच तेही काही बोललं नाही.

मग मला तहान लागली. पाणी प्यायले. परत लागली. परत प्यायले. तोंड सुकलं, डोकं जड, समोरची बटणं एकाची दोन दिसायला लागली. मला वाटलं, मखमलीचा राग चढलाय. सहाव्यांदा माठाशी गेले तर काजवाली तिथे. म्हणाली, "ताई, तुम्ही दुपारभर पाण्याला शिवत नाही, आज काय झालंय?" आणि वाकून नाक एप्रनला लावलं. "ह्याला दवाखान्याचा वास येतोय."

मी एप्रन उचलला. नळीचं एक टोक यंत्राकडून लोंबतंय, एक पोटाकडून. मध्ये बोटभर मोकळी हवा. कापलेलं कसं असतं ते मला कुणी सांगायला नको, सुताचा फरक नव्हता.

बोट टोचून बघितलं, साखर तीनशे ऐंशी. पिशवीतून पेन काढलं, महिनाभर वाट बघत होतं बिचारं, टोचलं. मग मागच्या खोलीत बटणांच्या खोक्यांवर बसून पिशवीतल्या जादा पाकिटातली नवीन नळी लावायची, तर एका टोकाची दोन दिसायला लागली, खरं कुठलं ते सापडेना. काजवालीने माझ्या हातातून ते पाकीट घेतलं, मी सांगत गेले तसं तिने लावलं. हात हलका आहे तिचा, खोटं कशाला बोलू. भोकं पाडायची सवय.

आणि मग मला भीती वाटली. साखरेची नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मालकांना सांगू नकोस. जिला स्वतःची नळी कळत नाही तिच्या हातात ते पातं देणार नाहीत ग."

ती उठली. मला वाटलं आता गेली, सांगितलं, संपलं माझं टेबल. ती लाल दोऱ्याची रीळ घेऊन आली. माझ्या नळीभोवती तिने त्या दोऱ्याच्या तीन सैल गाठी मारल्या, वर एक, मध्ये एक, खाली एक, आणि म्हणाली, "आता नाही कापणार." मी तिला म्हटलं, तुझी मखमल उलटी पडलीय. तिचा चेहरा पांढरा पडला. दार लोटून घेतलं आणि आम्ही दोघींनी सगळे थर पुन्हा घातले, मालक यायच्या आत.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी यंत्रातली नोंद काढली. एकोणतीस दिवस सपाट वाट, आणि शेवटी हा एवढा डोंगर. त्या म्हणाल्या, "नळी तुटली की कापली?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी लाल गाठी बघितल्या, हसू दाबलं आणि पत्र लिहिलं. मी यंत्र काढायला हात घातला, तर म्हणाल्या, आधी वाचा. त्यात लिहिलं होतं, हा पंप लावलेला असेल तोवर बाईंनी कापायचं काम करायला हरकत नाही. तोवर! म्हणजे पत्र त्या यंत्राला मिळालं होतं, मी नुसती त्याला घेऊन जाणारी. महिनाभर जपलेलं पेन मी पुन्हा पिशवीच्या तळाशी ठेवलं.

मालकांनी पत्र वाचलं आणि मला टेबल दिलं. मखमल खूप होती म्हणून काजवालीलाही मदतीला ठेवलं. आता तुम्हीच हिशेब बघा, तिची मखमल पुन्हा सरळ झाली, त्याचा काही पुरावा उरला नाही. माझा डोंगर मात्र त्या डबीत कायमचा बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीस वर्षांच्या सवयीने पहिली रेघ ओढली, तर काजवाली म्हणाली, "ताई, खडू जरा हलका धरा." मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघत दोन बोटं कात्रीसारखी उघडली आणि मिटली, पोटाशी शिट्टी वाजली, आणि मी काही बोलले नाही.