एकोणचाळीस डोंगर ढासळले

– नाही, त्या टोकाला नको बसू, तिथं शाई सांडली आहे, आपल्याच मुलांनी. इकडे ये. मुलं डबे खाताहेत तोवर मला जरा बोलू दे – तू गप्प बसतेस म्हणून तुला सांगते, शिक्षकखोलीतल्या बाकीच्या म्हणजे चालतेबोलते कर्णे. तर, चाळीस मुलांना संग्रहालयात चिनी सुलेखन दाखवायला आणलं कुणी? मीच! मुख्याध्यापक म्हणत होते, प्राणी बघायला न्या. मी म्हटलं, माकडं वर्गात रोजच बघते, मला अक्षर दाखवू द्या. आता भोगा. अठ्ठावीस वर्षं हस्ताक्षर शिकवते मी, आणि माझा मंत्र एकच – गिरवा. रेघेवरून रेघ फिरवा, पुन्हा फिरवा, मोती होईस्तोवर. आणि ते कुंचलावाले गृहस्थ काय म्हणाले? चिनी लिपीतलं ‘डोंगर’ हे अक्षर काढा, पण प्रत्येक रेघ एकदाच. वाकडी आली तरी परत हात लावायचा नाही. मी ऐकलं ना, बहिरी नाही मी. पण रेघा वाकड्या झाल्यावर मुलांनी पाहिलं कुणाकडे? माझ्याकडे. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं – गिरवा रे! झालं. तो कागद म्हणजे कांद्याचा पापुद्रा. शाई पिऊन पिऊन फाटला. एकोणचाळीस डोंगर ढासळले. मॉनिटरच्या डोंगरातून तर खालचं टेबल दिसत होतं.

हसू नकोस. बरं, हस – तुझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आवाज ऐकला तुझा.

आणि चाळिसावा उभा राहिला तो कुणाचा? आपल्या वर्गातल्या त्या वावटळीचा! मीच ठेवलेलं नाव ते. जिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, जिनं आजवर माझं एक पान गिरवलं नाही – तिनं तीन फटकारे मारले आणि खिडकीबाहेर बघत बसली. गृहस्थ तिथंच थबकले. म्हणाले, हा महिनाभर दालनात लावतो, खाली शाळेचं नाव आणि वर्गशिक्षिकेची सही हवी. सही नसेल तर लागणार नाही, नियम आहे. आता बोल! परवाच मी तिच्या आईला बोलावून सांगितलं, तुमच्या मुलीच्या हाताला वळण नाही, पुढच्या वर्षी तिला माझ्या वर्गात नको. त्या बाईनं मान खाली घातली गं. आणि आज त्याच हाताच्या डोंगराखाली मी सही करू? मग माझ्या अठ्ठावीस वर्षांचं काय – लोणचं घालू? मी म्हटलं, मॉनिटरचा लावा. ते म्हणाले, त्याला भोक आहे. मी म्हटलं, मग एखाद्या शिक्षिकेचा –

कुठल्या म्हणजे? कुठल्याही. बरं, माझा. हो, काढला मीही, तुम्ही सगळे पुढच्या दालनात गेल्यावर. पाच वेळा गिरवला. पर्समध्ये आहे, आणि दाखवणार नाही. वावटळ मागे रेंगाळली होती, तिनं पाहिलं. मला वाटलं, आता शाळाभर दवंडी. पण कार्टीनं आपला उरलेला कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, “बाई, एकदा काढा आणि पटकन हात मागे घ्या. मी तसंच करते, नाहीतर मलापण भीती वाटते.” भीती! तिला! आणि मी वर्षभर तिला आळशी म्हणत आले.

तुझ्यासारखंच मलाही कुणीतरी लग्नाचं विचारलं होतं एकदा, होकाराचं पत्र लिहायचं होतं. अक्षर पसंत पडेना – सात वेळा उतरवून काढलं. पोहोचलं ते त्याच्या लग्नानंतर. त्याच्या बायकोनं अक्षराचं कौतुक केलं म्हणे. – हे कशाला सांगितलं मी तुला? विसर.

काय म्हणत होते... सही. पेनानं चालत नाही, कुंचल्यानंच करायची. त्याच कागदावर, खाली, एकदाच. बिघडली तर तिचा डोंगरही गेला. सोमवारी तिच्या आईला परत बोलावणार आहे, ते मी बघते, तोंड मला आहे. पण ही सही – कुंचला हातात घेतला की तो आपोआप दुसऱ्यांदा फिरतो.

ऊठ तू. मुलांना रांगेत उभं कर. आणि वावटळीला आत पाठव, कागद धरायला कुणीतरी हवं.

नाही, तू नको. तू जा.