पोट भरल्याचा निरोप

...आणि वर मलाच म्हणतात, तोंडाला आवर घाल. अहो, कुठून घालू आवर? तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, दिवसभर लोकांच्या कंबरा मोजतो, त्यांच्या पँटी उसवून सैल करून देतो, आणि दुकानामागच्या घरात शिरलो की बायको माझ्याच कमरेकडे बघते. "आत्ताच तर जेवलात ना?" जेवलो, कबूल. पण परत भूक लागली, त्याला मी काय करू?

आई होती तोवर तिचंही तेच. "थोरला तसा, धाकटाही तसाच, दोघं नुसते खादाड." थोरला म्हणजे माझा दादा. शुगरपायी त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढलाय. खिडकीपाशी खुर्चीत बसून असतो, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण मान हलवून म्हणतो, वेळीच खाणं कमी केलं असतं तर... दादा ऐकून घेतो. आणि शुगर मलाही असून मला तिथं बसल्या बसल्या भूक लागते. आता त्याला मी काय करू?

तर मध्यंतरी काय झालं, मशीन मी अनवाणीच चालवतो, काम संपवून उठलो, आत गेलो, आणि बायको बोलता बोलता गप्प झाली. ही गप्प झाली म्हणजे काहीतरी भयंकर असणार. वळून बघतो तर फरशीवर लाल ठिपके, थेट माझ्यापर्यंत आलेले. तिनं मला खाली बसवून तळवा वर केला... सुई. अर्धी आत. कधी घुसली, मला पत्ताच नाही. चिमट्यानं ओढून काढली तेव्हासुद्धा काही कळलं नाही. रडली ती. मी नुसता बघत बसलो. दुखण्याची भीती सगळ्यांनाच असते हो, पण न दुखण्याची...

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पायाला कुठं कुठं टोचून विचारत होत्या, "इथं कळतंय? इथं?" नाही, नाही. शुगरनं पायाची जाणीवच गेली होती. शेवटी मीच म्हटलं, "म्हणा ना खादाड, सवय आहे मला."

त्या म्हणाल्या, "मी कशाला म्हणू? पोट भरलं, आता पुरे, असा निरोप शरीर मेंदूला धाडतं. मेंदूत एक एन्झाइम असतं, ते हा निरोप दाबतं. सगळ्यांच्याच मेंदूत असतं, पण त्याचा जोर वाढला की मेंदूला वाटतं आपण उपाशीच आहोत. मग खाणं, मग वजन, मग शुगर. तुमचं तसंच झालंय असं छातीठोक नाही सांगत, पण हा नुसता हावरटपणा नव्हे."

म्हणजे बघा, सगळं जग माझ्या तोंडावर पहारा ठेवून, आणि निरोप गिळणारा वर डोक्यात बसलेला. म्हटलं, "काढता येतं का त्याला?"

"उंदरांमध्ये ते बंद करून बघितलंय. उंदीर सडपातळ झाले, शुगरही उतरली."

"आणि माणसांत?"

"त्यावर तुम्हाला देता येईल असं औषध अजून नाही. तोवर गोळ्या, मोजकं खाणं, आणि पायाला जपा."

म्हणजे फिरून तेच. त्याला मी काय करू?

चार दिवसांनी पट्टी बांधल्या पायानं दादाकडे गेलो. म्हटलं, "दादा, आपण खादाड नव्हतो रे." सगळं सांगितलं. त्यानं खिडकी लोटून घेतली. मग म्हणाला, "आईला कळायला हवं होतं हे." आणि म्हणाला, "पाय गेल्यापासून मी रोज त्याची माफी मागतोय. मला वाटायचं, मीच खाल्ला तो."

त्यानं हात पुढं केला. "दाखव तुझा पाय." मी पट्टी सोडली. सुईचं भोक मिटलं नव्हतं, कडा काळपट पडल्या होत्या. दादा वाकून बघत राहिला.

"माझंही असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला. "उद्याच जा परत त्या बाईंकडे." मग पट्टी स्वतःच गुंडाळत म्हणाला, "आणि ते औषध?"

"सध्या उंदरांपुरतंच."

"चला," दादा म्हणाला, "कुणाचं तरी पोट भरलं म्हणायचं."